पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

गेल्या वर्षीं वार्षिक परीक्षेच्या आधीं आमच्या शाळेंतील आठवीच्या मुलांमुलींस घेऊन आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत गेलों होतों. सहल ठरल्या दिवसापासून वर्गांत एकच विषय चालला होता, तो म्हणजे वाघ. वाघ दिसेल काय, किती जवळून दिसेल, तो गाडीवर झेप घेईल काय, अशा प्रश्नांनीं मुलांनीं आम्हांस भंडावून सोडलें होतें. जाळीच्या मोटारींतून कुंपणाच्या आंत गेल्यावर वाघ दिसला खरा. पण तो एका झाडाखालीं निजला होता. त्यानें एकदां कान हलविला व पुन्हा डोळे मिटून घेतले. मुलें खट्टू झालीं. परततांना एक मुलगी मागें राहिली म्हणून आम्हीं कांहींशा रागानेंच वळून पाहिलें, तों ती एका वाळक्या झाडाच्या खोडाकडे टक लावून उभी होती. खोडाला एक ढोली होती व तिच्या तोंडाशीं एक लहानसा पक्षी बसला होता. ही चिमणीच ना, असें तिनें आम्हांस विचारलें. आणि चिमणी असेल तर हिच्या गळ्यावर पिवळा डाग कां, असेंहि विचारलें.

आम्ही वीस वर्षें शास्त्र शिकवीत आलों आहों. तथापि या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. घरीं येऊन पुस्तक काढलें, तेव्हां तें कळलें. त्याबरोबर हेंहि आठवलें कीं, नेमका हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं मुंबईंतील एका पोरक्या मुलानें आपल्या मामांस विचारला होता व मामांनाहि त्याचें उत्तर आलें नव्हतें. ज्या पुस्तकांत आम्हांला उत्तर सांपडलें, तें त्याच मुलानें मोठेपणीं लिहिलेलें आहे. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें त्या रात्रींच आमच्या मनांत आलें.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईंत एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत झाला. सर्व भावंडांत ते धाकटे. ते एक वर्षाचे असतांना वडील वारले आणि तीन वर्षांचे असतांना आईहि गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना स्वतःचें मूल नव्हतें. त्यांनीं या पोरक्या मुलांस खेतवाडींतील आपल्या घरीं नेऊन वाढविलें. सलीमचें पहिलें शिक्षण गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत झालें. दोघी बहिणी तेथें जात, म्हणून त्यांच्याबरोबर हा लहान भाऊहि जाई. पुढें तो सेंट झेवियर हायस्कुलांत गेला. सुटींत हें कुटुंब चेंबूरला राहावयास जाई. आज जेथें आगगाडीच्या डब्यांत पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं, तें चेंबूर त्या वेळीं रानांतलें एक खेडें होतें, हें आमच्या घाटकोपर-मुलुंडकडील मुलांस खरें वाटणार नाहीं.

मामांनीं सलीमला एक हवेची बंदूक दिली होती. घरांतील तबेल्याच्या भिंतींत चिमणीचें एक घरटें होतें. आंत मादी अंड्यांवर बसलेली असे व बाहेर एका खिळ्यावर नर पहारा करी. सलीमनें गाडीच्या आड लपून तो नर मारला. थोड्याच वेळांत त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला, तोहि मारला. असे सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळीं मादीला नवा जोडीदार मिळाला. ही गोष्ट वाचतांना आम्हांस बरें वाटत नाहीं, आणि मुलांनीं तिचें अनुकरण करावें असें तर आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. परंतु त्या नऊदहा वर्षांच्या मुलानें एक गोष्ट केली, ती त्या काळच्या बंदूकवाल्या इतर मुलांनीं केली नसेल. त्यानें पाहिलें तें जसेंच्या तसें कागदावर लिहून ठेवलें. अनेक वर्षांनीं, जगांतील पक्षिशास्त्रज्ञ त्यांचा शब्द प्रमाण मानूं लागले तेव्हां, त्यांनीं बालपणींचें तें टिपण आहे तसेंच छापलें. त्यांत फिरवावें असें त्यांना कांहीं आढळलें नाहीं.

पुढें दोनएक वर्षांतच ती दुसरी चिमणी पडली. मारलेला पक्षी हलाल करून खाण्याजोगा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सलीमनें ती उचलली, तों तिच्या गळ्यावर हळदीचें बोट लागल्यासारखा पिवळा डाग दिसला. मामा शिकारीचे शोकी व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांना ही चिमणी ओळखतां येईना, तेव्हां त्यांनीं मुलाजवळ एक चिठी देऊन त्याला सोसायटीचे चिटणीस मिलार्डसाहेब यांच्याकडे धाडलें.

या संस्थेविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती १८८३ सालीं मुंबईंतील आठ गृहस्थांनीं काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले महाराष्ट्रीय होते. पैकीं आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं एक. साहेबांपैकीं एक एटकिन होते. त्यांचे वडील मिशनरी, व त्यांचा जन्म साताऱ्यास झाला होता. 'एहा' या टोपणनांवानें ते कावळे, चिमण्या, मुंग्या यांजवर इतक्या गमतीनें लिहीत कीं आजहि तें वाचतांना हसूं येतें.

तर हा मुलगा कागदांत गुंडाळलेली चिमणी घेऊन भीत भीत मिलार्डसाहेबांपुढें उभा राहिला. साहेबांनीं त्याला हांकून लाविलें नाहीं. कामांत आहों असेंहि सांगितलें नाहीं. त्यांनीं चिमणीची जात सांगितली, कपाटाचे खण ओढून ओढून भरून ठेवलेले शेंकडों पक्षी दाखविले, चिमण्यांच्याच किती जाती असतात तें समजावून दिलें, एहांचें मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचावयास दिलें, आणि पक्ष्याचें कातडें काढून तें टिकवावें कसें हें शिकविण्याची व्यवस्था केली. आम्ही शिक्षक लोक दिवसांतून किती मुलांचे किती प्रश्न उद्यांवर ढकलतों, हें आठवून हा प्रसंग लिहितांना आमचा हात थोडा थबकला.

शाळेंत मात्र सलीमचें फारसें चमकलें नाहीं. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला डोकेदुखी जडली व शाळा वारंवार बुडूं लागली. हवापालटासाठीं त्याला सिंधमध्यें एका नातलगांकडे पाठविलें. १९१३ सालीं तो मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उतरला. कॉलेजचें पहिलें वर्ष पुरें न करितांच तो ब्रह्मदेशांत तव्हॉयला गेला. तेथें घरच्यांचा टंग्स्टनच्या खाणींचा व लांकडाचा व्यापार होता. व्यापाराकडे लक्ष थोडें व भोंवतालच्या रानाकडेच अधिक, असें झाल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. १९१७ सालीं मुंबईस परत आल्यावर त्यांनीं दावरांच्या कॉलेजांत व्यापारी कायदा व हिशेब यांचा अभ्यास धरला. पण झेवियर कॉलेजांतील फादर ब्लाटर यांनीं त्यांची खरी आवड हेरली. हे स्विस जेझुइट धर्मगुरु स्वतः थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मिलार्डसाहेबांसमवेत त्यांनीं लिहिलेलें हिंदुस्थानांतील सुंदर वृक्षांविषयींचें पुस्तक प्रसिद्ध आहे. सकाळीं हिशेब व नंतर प्राणिशास्त्र, असा क्रम त्यांनीं सलीम यांना लावून दिला. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाला, पण पदवी हातीं आली नाहीं. १९१८ च्या डिसेंबरांत तेहमिना बेगम यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याचा फटका लौकरच बसला. सरकारच्या प्राणिविषयक पाहणी खात्यांत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, ती त्यांना मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, प्रेक्षकांस प्राण्यांची माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. काचेच्या पेटींतल्या पक्ष्यांविषयीं तेंच तें सांगण्याचा त्यांना दोन वर्षांत कंटाळा आला. रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. आपल्या विषयाची शास्त्रशुद्ध दीक्षा त्यांना तेथें मिळाली, आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडीं अडकविण्याची विद्याहि ते शिकले. १९३० सालीं परत येऊन पाहतात तों म्युझियमची ती जागाच पैशाच्या टंचाईमुळें रद्द झालेली! वय तेहतीस; घरीं पत्नी, जवळ पदवी नाहीं, पगार नाहीं.

येथें एक गोष्ट पालकांस सांगितली पाहिजे, नाहीं तर हें चरित्र प्रामाणिक होणार नाहीं. सलीम अलींच्या पाठीशीं मोठें व सुखवस्तु घराणें होतें. पुढें पुष्कळ वर्षें ते वांद्र्याच्या पाली हिलवर आपल्या बहिणीच्या व मेहुण्यांच्या घरीं राहिले. ज्याच्या घरीं महिन्याच्या पगारावर चूल पेटते, त्या मुलाला आवडीखातर दोन वर्षें बिनपगारी बसणें शक्य नसतें. हें मान्य करूनहि म्हणावें लागतें कीं, तशीच सोय असलेलीं दुसरीं पुष्कळ माणसें त्या काळीं मुंबईंत होतीं. त्यांनीं ती सोय कशांत घालविली हें कोणास ठाऊक आहे?

नोकरी गेल्यावर हें जोडपें अलिबागजवळ किहीम या समुद्रकांठच्या गांवीं राहावयास गेलें. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनीं झाडाजवळ एक उंच शिडी उभी केली, तिच्यावर आडोसा केला, आणि त्या आडोशांत बसून ते तासन् तास घरट्यांकडे पाहूं लागले. सुगरणीचें घरटें मादी विणते अशी आपली समजूत. तिचें नांवहि आपण स्त्रीलिंगीच ठेविलें आहे. वस्तुतः विणकर नर असतो. तो गवताच्या व पानांच्या चिरोट्या आणून घरटें निम्म्यापर्यंत विणतो व तेथें थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. त्या घरट्यांत शिरून वीण ओढून पाहतात, जागा निरखतात. एखादीस एखादें घरटें पसंत पडलें कीं ती तेथेंच ठाण मांडते. त्यानंतर नर तें घरटें पुरें करितो. मादी अंडीं उबवूं लागली कीं हा गृहस्थ शेजारीं दुसरें अर्धें घरटें विणावयास घेतो, तें दुसरीला पसंत पडतें, मग तिसरें. एकाच नराचे असे एकामागून एक संसार चालतात, ही गोष्ट सलीम अलींनीं प्रथम नीट उलगडून दाखविली. कोंकणांतील आमच्या आजोबा-पणजोबांनीं हीं घरटीं जन्मभर पाहिलीं होतीं. पण शिडी लावून बसला तो हा एकटा. त्यांचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकांत छापला आणि विद्वानांत त्यांचें नांव झालें. लागलेलें भांडवल म्हणाल तर एक शिडी, एक वही आणि नोकरी गेल्यामुळें हातीं आलेला वेळ.

यानंतर त्यांनीं एक युक्ति काढली. त्यांनीं संस्थानिकांस कळविलें कीं, आपल्या संस्थानांतील पक्ष्यांची मोजदाद आम्ही बिनपगारी करून देऊं, प्रवास व मुक्काम यांचा खर्च तेवढा आपण करावा. अशा रीतीनें हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन व दुसरीं कित्येक संस्थानें त्यांनीं पायाखालीं घातलीं. बैलगाडी, तंबू, डांस, चिखल यांत तेहमिनाबाई त्यांच्याबरोबर असत, आणि त्यांच्या इंग्रजी लेखनास वळण देण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. १९३९ सालीं एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनीं पुन्हा विवाह केला नाहीं. १९४१ सालीं त्यांचें हिंदुस्थानांतील पक्ष्यांविषयींचें चित्रमय पुस्तक निघालें, तें आजतागायत छापलें जात आहे. पंडित नेहरूंच्या कन्या इंदिराबाई यांना तें तुरुंगांत वाचावयास मिळालें, व पुढें त्या पंतप्रधान झाल्यावर तिचा उपयोग कित्येक रानांस झाला.

आतां अभयारण्यांकडे वळूं. कारण आमच्या मुलांस तिकीट काढून जेथें वाघ व पक्षी पाहावयास मिळतात, तीं रानें आपोआप राहिलेलीं नाहींत. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव घना नांवाचा पाणथळ प्रदेश आहे. हिंवाळ्यांत उत्तरेकडील दूरच्या देशांतून बदकें व हंस तेथें हजारोंनीं उतरतात. तेथील महाराजांनीं बांध घालून तो शिकारीसाठींच राखला होता. तेथें दगडी पाट्यांवर शिकारींचे आंकडे कोरलेले आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानींत १९३८ च्या नोव्हेंबरांत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले, असें एक पाटी सांगते. स्वातंत्र्यानंतर तें पाणी काढून टाकून जमीन लागवडीस द्यावी अशी मागणी आली. मागणी करणारे गरीब शेतकरी होते आणि त्यांची गरज खोटी नव्हती. सलीम अलींनीं नेहरूंपर्यंत जाऊन तें तळें वांचविलें. गंमत अशी कीं, तेथें महाराजांचा बंदुकीचा हक्क १९७२ पर्यंत चालूच होता. त्याच पाण्यावर सलीम अली व त्यांचे सहकारी पक्षी जिवंत धरून त्यांच्या पायांत कडीं अडकवीत व सोडून देत. कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळविण्याविषयीं मजकूर असे, आणि सैबेरियासारख्या प्रदेशांतून तीं कडीं सांपडल्याचीं पत्रें येत. १९८२ सालीं भरतपूर हें राष्ट्रीय उद्यान झालें. केरळांतील सायलेंट व्हॅलींत धरण होऊं नये म्हणूनहि त्यांनीं म्हातारपणीं खटपट केली. तें रान १९८४ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलें गेलें.

ते स्वतः मात्र अहिंसाव्रती नव्हते. तरुणपणीं मोठा शिकारी व्हावें असें त्यांचें स्वप्न होतें, आणि शास्त्रीय संग्रहासाठीं त्यांनीं जन्मभर पक्षी मारले. अमुक जातीचा पक्षी हातांत घेऊन तपासल्यावांचून तिचें रक्षण करण्याइतकें ज्ञानच होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. आम्हांस हें पूर्णपणें पटत नाहीं. परंतु पक्ष्यांसाठीं त्यांनीं जें केलें तें आम्हीं केलेलें नाहीं, म्हणून येथें अधिक बोलत नाहीं.

कृश, ठेंगणी मूर्ति, आंखूड दाढी, गळ्यांत दुर्बीण आणि घड्याळाच्या कांट्यावर चालणारी शिस्त, असें त्यांचें रूप अनेकांनीं वर्णिलें आहे. मुक्कामावर घोरणारा सोबती त्यांना मुळींच खपत नसे. मोटारसायकलचा नाद तर विलक्षण. १९५० सालीं स्वीडनांत उप्साला येथें पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तेव्हां वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं त्यांनीं आपली सनबीम गाडी मुंबईहून बोटीवर चढविली व युरोपांत तिच्यावरूनच प्रवास केला. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशावांचून बंद पडण्याची वेळ आली, तेव्हां नेहरूंना लिहून त्यांनीं मदत मिळविली. अमेरिकन पंडित डिलन रिप्ले यांजबरोबर भारतीय उपखंडांतील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९७४ सालीं पुरा झाला. पद्मभूषण १९५८ त, पद्मविभूषण १९७६ त व राज्यसभेचें सभासदत्व १९८५ त मिळालें. गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर त्यांनीं सोसायटीच्या कामासाठीं देऊन टाकले. आत्मचरित्र लिहिलें, त्यालाहि त्यांनीं चिमणीचेंच नांव दिलें. २० जून १९८७ रोजीं, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षीं, मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. गोव्यांत मांडवी नदींतील चोडण बेटावरचें पक्षी अभयारण्य त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

बोरिवलीच्या उद्यानाचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. एका अंगास बोरिवली, दुसऱ्या अंगास मुलुंड, आणि मध्यें तुळशी व विहार हे तलाव. तेथील मोकळ्या रानांत पट्टेरी वाघ आतां नाहीं, बिबळे आहेत. आणि पक्ष्यांच्या जाती अडीचशेंहून अधिक आहेत. आमच्या सहलींतील मुलांनीं घरीं जाऊन किती जाती सांगितल्या, असें आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारलें. कावळा, पोपट व मैना येथेंच यादी संपली. ती मागें राहिलेली मुलगी गप्प बसली होती. तास सुटल्यावर ती आमच्या टेबलाजवळ आली आणि चिमणीचें नांव सांपडलें काय, असें तिनें विचारलें. सांपडलें होतें, पुस्तक उघडून आम्हीं तें पान तिच्यापुढें ठेविलें. तिनें चित्र पाहिलें आणि आपण पाहिलेल्या पक्ष्याच्या पंखावर तांबूस पट्टाहि होता, तो या चित्रांत आहे, एवढेंच म्हणाली. तो पट्टा आम्हीं पाहिलाच नव्हता.

येत्या वर्षीं सहल कर्नाळ्यास न्यावी असा विचार आहे. पनवेलच्या पुढें गोव्याच्या रस्त्यावर हें पक्षी अभयारण्य १९६८ सालीं झालें. निघावयाचें तें पहांटे साडेपांचला. डबा प्रत्येकानें घरून आणावा, आणि शक्य असल्यास एक लहान वही व पेन्सिल. तेथें वाघ नाहीं, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों.